रिकामें कपाट

धनाच्या गती तीन. दान, भोग आणि नाश, असें भर्तृहरीनें सांगून ठेविलें आहे. पस्तीस वर्षें वर्गांत हें शिकवितांना धन म्हणजे पैसा-अडका आणि दागदागिने, एवढाच अर्थ आम्हीं मुलांस सांगितला. पुस्तकांचें कपाट हेंही धनच आणि त्यालाही याच तीन गती, हें आम्हांस यंदा कळलें.

आमचा जुना वाडा पाडून तेथें सदनिका बांधावयाचें ठरलें आहे. माजघरांतील मोठें कपाट नव्या जागेंत मावणार नाहीं. सूनबाईनें एके दिवशीं अगदीं सौम्यपणें विचारिलें, "मामंजी, त्या रहस्यकथांचें काय करावयाचें?" प्रश्न सौम्य होता, परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

आमचे संस्कृत ग्रंथ दर्शनी फडताळांत असतात. या कपाटांत होती ती आमच्या चोरट्या वाचनाची मिळकत: बाबूराव अर्नाळकरांचीं शेंदीडशें पुस्तकें, शेरलॉक होम्सचे इंग्रजी खंड, १९८५ सालीं दूरदर्शनवर 'करमचंद' आणि १९९३ सालीं 'ब्योमकेश बक्षी' दाखवीत तेव्हांचीं वर्तमानपत्रांतील कात्रणें, आणि पुतण्यानें लंडनच्या बेकर स्ट्रीटवरून धाडलेलें एक चित्रमय कार्ड. अर्नाळकरांनीं (१९०६–१९९६) हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हीं नांवें एके काळीं घरोघरच्या मुलांच्या तोंडीं असत. आमच्या वडिलांस मात्र हें वाचन मुळींच पसंत नव्हतें. म्हणून दादा आणि आम्ही दुपारीं माळ्यावर बसून वाचीत असूं. शेवटचें प्रकरण उघडण्यापूर्वीं गुन्हेगार कोण, तें दोघांनीं पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूस पेन्सिलीनें लिहावयाचें, आणि ज्याचें चुकेल त्यानें रात्रीं दोघांचींही अंथरुणें घालावयाचीं, असा आमचा करार होता.

भोग असा यथेच्छ झाला. दानही आम्हीं पूर्वीं एकदां केलें होतें; पण कसें, तें सांगतांना संकोच वाटतो. सेवानिवृत्तीच्या वर्षीं, ज्यांच्या दोन प्रती होत्या किंवा ज्यांचीं पानें सुटलीं होतीं, अशीं तीसेक पुस्तकें सुतळीनें बांधून आम्हीं एका शाळेच्या ग्रंथालयास दिलीं आणि उदारपणाचें समाधान घेऊन घरीं आलों. वर्षभरानें रद्दीच्या दुकानांत एक पुस्तक सहज उघडलें, तों आंत आमचेंच पेन्सिलीचें अक्षर! त्या दिवशीं मनांतल्या मनांत शाळेस आम्हीं पुष्कळ बोल लाविले. आज वाटतें, निम्मा दोष तरी आमचाच. जें नको होतें तें दिलें, आणि सोबत एक ओळही लिहून दिली नाहीं. साक्षीदारावांचून पुरावा मुका असतो. तसाच सांगणाऱ्यावांचून संग्रहही मुका असतो, आणि मुक्या संग्रहाची वाट रद्दीकडेच जाते.

या बाबतींत इंग्लंडांतील एका संग्राहकाची हकीकत विचार करण्याजोगी आहे. रिचर्ड लान्सेलिन ग्रीन (१९५३–२००४) यांस बाळपणापासून होम्सचा नाद. घराच्या माळ्यावर त्यांनीं होम्सची बेकर स्ट्रीटवरील बैठकीची खोलीच मांडली होती. पुढें होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉइल याचीं पुस्तकें, कागदपत्रें आणि होम्सच्या नांवानें निघालेल्या नाना वस्तु त्यांनीं आयुष्यभर जमविल्या. नुसत्या जमविल्या नाहींत. एका सहकाऱ्यासह डॉइलच्या लेखनाची सविस्तर सूची करून ती १९८३ सालीं प्रसिद्ध केली. २००४ सालीं त्यांस अकस्मात् मृत्यु आला, आणि तो कसा आला याचा निश्चित निर्णय चौकशीअंतींही झाला नाहीं. परंतु संग्रहाचें काय करावें, हें कोडें मात्र त्यांनीं मागें ठेविलें नव्हतें. त्यांच्या इच्छेप्रमाणें तो पोर्ट्समथ शहरास मिळाला. तेंच शहर कां? तर डॉइल १८८२ पासून १८९० पर्यंत तेथील साउथसी भागांत डॉक्टरी करीत असे, आणि १८८७ सालीं छापली गेलेली होम्सची पहिली कादंबरी त्यानें तेथेंच लिहिली.

अमेरिकेंतील डॉ. फिलिप हेंच हेही होम्सचे असेच भक्त. त्यांस १९५० सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक इतर दोघांसह मिळालें होतें. त्यांच्या पश्चात् पत्नीनें त्यांचा संग्रह मिनेसोटा विद्यापीठास दिला. तेथें इतरांचेही संग्रह येऊन मिळाले, आणि आज तें होम्सच्या अभ्यासकांचें मोठें क्षेत्र झालें आहे.

देश, काल आणि पात्र पाहून दिलेलें तें सात्त्विक दान, असें गीता सांगते. देश आणि पात्र मागाहून वारसांसही शोधतां येतील. परंतु वस्तूची कथा सांगण्याचा काल देणारा जिवंत आहे तोंवरच.

म्हणून या खेपेस आम्हीं घाई केली नाहीं. दोन महिने रोज सकाळीं कांहीं पुस्तकें घेऊन बसलों आणि प्रत्येकांत चिठ्ठी घातली: कोठें मिळालें, कोणत्या सालीं, कोणीं वाचलें. होम्सचे खंड एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले. अर्नाळकर गांवच्या वाचनालयानें घेतले. तेथील ग्रंथपालांनीं आधीं यादी मागितली, तेव्हांच आमच्या मनाची खात्री पटली.

एक पुस्तक मात्र हातांतून सुटेना. त्यांत दादाच्या अक्षरांत 'मुनीम' आणि त्याखालीं आमच्या अक्षरांत 'डॉक्टर' असें लिहिलें आहे. तें शेवटीं दादाच्या नातीस दिलें. ती अकरा वर्षांची. दादा तिच्या जन्मापूर्वींच गेला. आजोबांच्या अक्षरावरून बोट फिरवीत तिनें विचारिलें, "दोघांपैकीं कोणाचें बरोबर?" आम्हीं सांगितलें नाहीं. चार दिवसांनीं तिचा फोन आला. "तुम्ही दोघेही चुकलांत! मग त्या रात्रीं अंथरुणें कोणीं घातलीं?"

"दोघांनीं मिळून," आम्ही म्हणालों; आणि पुढें कांहीं वेळ आम्हांस बोलवेना.

वाचकहो, आपल्याही घरीं असें एखादें कपाट असेल. देण्याची घाई नको. पण चिठ्ठ्या लिहावयास मात्र आजच बसावें.