नंदीच्या पाठीवर मानकाची मोहोर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातल्या घराघरांतून लाकडी बैल बाहेर पडतात. आदला दिवस शेतातल्या बैलांच्या मानाचा, हा दिवस लेकरांच्या मानाचा. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू असा चाकांवरचा नंदी दोरीने ओढत मुले दारोदार जातात आणि हातावर बोजारा पडला की पुढच्या दाराकडे धावतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी १८०६ साली हा तान्हा पोळा सुरू केला, असे सांगितले जाते. दोनशे वर्षांत राजे गेले, इंग्रज आले आणि गेले, शेतातल्या बैलांची जागा ट्रॅक्टरने घेत आणली; पण लाकडाचा बैल टिकला. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, कोंढ्यासारख्या गावात, तो सुताराकडून घडवून घेण्याची रीत अजून मोडलेली नाही.

आता प्रश्न असा की, हा नंदी म्हणजे नेमके काय? देव, सणाची वस्तू, की खेळणे? घरात हा प्रश्न कोणालाच पडत नाही. सकाळी त्याला कुंकू लागते, दुपारी तो अंगणात उलटापालटा होतो, आणि संध्याकाळी त्याचे एक चाक निघालेले असते. परंतु कायद्याला असे गुण्यागोविंदाने राहता येत नाही. त्याला वस्तू कोणत्या तरी एका खणात टाकावी लागते. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेशानुसार, १४ वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून तयार केलेली वस्तू म्हणजे खेळणे. तिचा उपयोग केवळ खेळण्यापुरताच असला पाहिजे असेही नाही. १ जानेवारी २०२१ पासून अशा प्रत्येक खेळण्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण, म्हणजे आपल्या परिचयाचा ‘आयएसआय’ मार्क, सक्तीचा झाला आहे. चाके असलेला, दोरीने ओढायचा, लेकराच्या हातात द्यायचा बैल या व्याख्येबाहेर ठेवायला वकिलाला बरीच कसरत करावी लागेल.

म्हणजे कोंढ्याच्या सुतारानेही परवाना काढायचा काय? हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. मानक ब्यूरोच्या २०१६ सालच्या कायद्यात सक्तीच्या वस्तूवर खूण नसेल तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान २ लाख रुपये दंड, अशी तरतूद करण्यात आली. दोन लाखांत किती नंदी होतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

कायदा आला कशासाठी?

सक्ती उगाच आलेली नाही, हे आधी कबूल करू. आपल्या बाजारात कित्येक वर्षे परदेशी, मुख्यतः चिनी, खेळण्यांचा पूर लोटला होता. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातली आयात खेळणी उचलून तपासली, तेव्हा त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश सुरक्षिततेच्या कसोटीला उतरली नाहीत. त्यानंतर २०२० मध्ये आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि दरम्यान हा गुणवत्ता आदेश आला. लेकरांची सुरक्षा आणि देशी उद्योगाचे संरक्षण असे दोन्ही हेतू त्यात एकत्र नांदतात.

खेळण्यांचे मानक काय पाहते, तेही समजून घेण्यासारखे आहे. टोक बोचते काय, कड कापते काय, ओढल्यावर चाक किंवा मणी सुटतो काय, हे त्यात तपासतात. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा सुटणारा तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका लहान नळकांड्यात मावला, तर तो मुलाच्या घशातही अडकू शकतो असे धरून खेळणे नापास होते. मग येतो रंग. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, अँटिमनी, बेरियम आणि सेलेनियम या आठ द्रव्यांची मर्यादा ठरलेली आहे.

या यादीचे दोन भाग पडतात. टोक, कड, चाक, खिळा हे सुताराच्या बोटांना कळते. अंगठा फिरवला की कुठे कूस राहिली ते तो सांगतो. त्यासाठी त्याला प्रयोगशाळा नको. पण शिसे बोटाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही, नाकाला येत नाही. दिसायला उलट शिशाचा पिवळा आणि लाल अधिकच झळकतो. लहान मूल नंदीचे शिंग तोंडात घालते, आणि शिसे थोड्या प्रमाणातही वाढत्या मेंदूला अपाय करते. पिढ्यान्‌पिढ्यांचा हात येथे उपयोगी पडत नाही. येथे तपासणी हवी, आणि तपासणी झाल्याचा कागदही हवा. ‘आमच्या आजोबांपासून करतो’ हे उत्तर लाकडाला लागू पडेल, रंगाला नाही.

कागद दोन जातींचे

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत कर्जाच्या अर्जांवर सह्या करण्यात काढली. त्या अनुभवावरून सांगतो, कोणत्याही फाइलमधले कागद दोन जातींचे असतात. एक वस्तूविषयी बोलतात, दुसरे माणसाविषयी. गावातला माणूस अडतो तो बहुधा दुसऱ्या जातीच्या कागदांपाशी.

मानक ब्यूरोच्या परवान्याचा अर्ज आता संगणकावरूनच करायचा असतो. त्यासोबत काय जोडावे लागते पाहा. उद्योग अस्तित्वात असल्याचा पुरावा. जागेचा पुरावा. जागेपर्यंत पोचण्याचा नकाशा. कारखान्याच्या आतला आराखडा. कच्च्या मालापासून तयार मालापर्यंतच्या टप्प्यांचा तक्ता. यंत्रांची यादी. चाचणीच्या उपकरणांची यादी, आणि ती उपकरणे अचूक असल्याचे दाखले. कच्च्या मालाचे चाचणी अहवाल. गुणवत्ता पाहणाऱ्या माणसाची शैक्षणिक पात्रता. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आधीच जोडला असेल तर सोप्या पद्धतीने ३० दिवसांत परवाना देण्याची सोय आहे. अर्जाचे शुल्क १ हजार रुपये, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याचे दिवसाचे ७ हजार, वार्षिक परवाना शुल्क १ हजार, त्यावर चाचणीचा आणि खूण लावण्याचा खर्च वेगळा. परवाना सुरुवातीला एक-दोन वर्षांचा, पुढे नूतनीकरण.

ज्याच्याकडे शेड आहे, कारकून आहे, सनदी लेखापाल आहे, त्याला ही आठवड्याभराची कामे. कोंढ्यात कामाची जागा म्हणजे घराची पडवी. घर आजोबांच्या नावावर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तिघा चुलत्यांची नावे. वीजमीटर काकांच्या नावे. आधारवर एक आडनाव, शाळेच्या दाखल्यात दुसरे. यंत्रांच्या यादीत वाकस, रंधा, किकरे आणि पटाशी. आणि गुणवत्ता पाहणाऱ्याची पात्रता काय लिहायची? सातवी पास, चाळीस वर्षे हातात वाकस? तसा रकाना अर्जात नसतो. याच तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण आहे. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि पुढे गावेच्या गावे उठली. घराचा उतारा, वारसाची नोंद, नावातली एक वेलांटी यांची किंमत इथल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

तिथल्याच एका सुताराशी या सगळ्याविषयी बोलणे झाले. शांतपणे ऐकून ते म्हणाले, ‘‘साहेब, म्या नंदी बनवाचा का फाइल बनवाची?’’

सवलत आहे, पण दार कुठे आहे?

सरकारला ही अडचण दिसली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०२० मध्येच आदेशात दुरुस्ती झाली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवलेल्या व विकलेल्या खेळण्यांना आदेशातून वगळण्यात आले. भौगोलिक उपदर्शनाची, म्हणजे ‘जीआय’ची, नोंदणी असलेली खेळणीही वगळली गेली. कर्नाटकातले चन्नपट्टणम, आंध्रातले कोंडापल्ली ही नावे त्यामुळे तरली. सूक्ष्म उद्योगांना स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याच्या अटीतूनही मुदतीची सूट मिळाली.

तेव्हा कोंढ्याच्या सुताराला परवान्याची फाइल करायची गरजच नाही. त्याला हवे आहे फक्त कारागिराचे ओळखपत्र. वाट सरळ दिसते. पण इथेच घोडे अडते. हे ओळखपत्र देणारे आयुक्त वस्त्रोद्योग मंत्रालयाचे. लाकडाचा बैल करणाऱ्याने वस्त्रोद्योगाच्या दारी जायचे, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय सुचणार कसे? शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा पारंपरिक कारागीरही आहे. तिथे त्याला प्रमाणपत्र मिळते, अवजारांसाठी १५ हजार रुपयांची मदत मिळते, तारणाविना कर्ज मिळते. ही योजना सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाची. हाती ‘विश्वकर्मा’चे प्रमाणपत्र आले की कोणालाही वाटेल, सरकारने आपल्याला कारागीर मानले. ते मानलेही आहे. मात्र खेळण्यांच्या आदेशातली सूट त्या कागदावर नव्हे, दुसऱ्या मंत्रालयाच्या कागदावर टांगलेली आहे. एकच माणूस, एकच वाकस, आणि ‘तू कारागीर आहेस’ हे दोन ठिकाणी दोनदा सिद्ध करायचे.

दुसरी गोम शब्दांत आहे. सूट आहे ती कारागिराने ‘बनवलेल्या व विकलेल्या’ मालाला. पवनीच्या बाजारात तो स्वतः बसला तर ठीक. पण नागपूरच्या दुकानदाराने शंभर नंदी एकदम उचलले आणि आपल्या दुकानात मांडले, तर ते कोणी विकले? आदेशाचा काटेकोर अर्थ लावला तर दुकानदार अडचणीत येईल, आणि सावध दुकानदार अडचण नको म्हणून सुताराकडे येणेच सोडेल. कायद्याने कोणाला शिक्षा न करताही धंदा असा बसतो. कारखान्यातला, पाठीवर खूण छापलेला बैल मात्र बिनधास्त मांडता येतो.

हा केवळ नंदीचा प्रश्न नाही. सरकारनेच सांगितल्याप्रमाणे २०१४ पूर्वी असे १४ आदेश होते, १०६ उत्पादनांना लागू. २०२५ पर्यंत ते १८७ झाले, ७६९ उत्पादनांना लागू. पादत्राणे, भांडी, पंखे, घरातल्या एकेका वस्तूवर सक्ती येत गेली. सोन्याच्या हॉलमार्किंगमध्ये २०२१ साली ४० लाखांपर्यंत वार्षिक उलाढालीच्या सराफांना वगळले गेले, हे शहाणपणाचे झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिएस्टरचे धागे, त्यांचा कच्चा माल आणि प्लास्टिकचा कच्चा माल यांवरचे मिळून १४ आदेश सरकारने मागे घेतले. कारण कच्चा माल महागल्याची ओरड उद्योगांनी लावून धरली होती. उद्योगाला ओरडता येते. पडवीतल्या सुताराचा आवाज दिल्लीपर्यंत कोण नेणार? उद्योगांच्या व्याख्येत तर १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल असणाराही ‘सूक्ष्म’च. तो आणि हा एकाच पंगतीत बसवले की वाढप कोणाच्या पानात पडते, ते उघड आहे.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

मग सक्ती काढून टाकावी काय? माझे उत्तर नाही असे आहे. लेकरू श्रीमंताचे असो की मजुराचे, शिसे दोघांनाही सारखेच बाधते. आणि गावातले खेळणे म्हणून ते विष सौम्य होत नाही. सूट मिळालेल्या नंदीचा रंग कोणी तपासणारच नसेल, तर सुटीने सुतार वाचला पण मूल वाचले नाही, असे होईल. प्रश्न सक्तीचा नसून ओझे कोणत्या खांद्यावर टाकायचे याचा आहे.

सुतार रंग तयार करत नाही. तो डबा विकत आणतो. घरगुती व सजावटीच्या रंगांतल्या शिशाबाबत केंद्राचे २०१६ चे नियम आहेत. १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असलेला असा रंग विकता येत नाही. म्हणजे धोक्याचा उगम जिथे आहे तिथे कायदा आधीच उभा आहे. तो तिथे नीट राबवावा, तालुक्याच्या दुकानातले सुटे रंग आणि पुड्या तपासाव्यात. सुताराकडून मागावे एवढेच: कारागिराचे ओळखपत्र, रंगाच्या डब्याची पावती, आणि प्रत्येक नंदीच्या पोटाखाली त्याचे नाव-गाव. तीन गोष्टी, एक पान. त्याला फाइल म्हणायचीही गरज नाही.

आणि हे पान त्याच्या दारी यावे. पंचायत समितीने पोळ्याच्या दोन महिने आधी पवनीत एक दिवसाचे शिबिर भरवावे. हस्तकला आयुक्तालयाचा माणूस, मानक ब्यूरोच्या नागपूर शाखेचा माणूस आणि बँकेचा माणूस एका टेबलाशी बसवावा. पीककर्जाचे मेळावे असेच भरतात. बँकेतला माझा अनुभव असा की, शंभर हेलपाट्यांनी जे होत नाही ते तिघांनी एका टेबलाशी बसल्याने दुपारच्या जेवणाआधी होते. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला जीआय मिळालेले आहे. गावांनी मिळून धडपड केली तर असा मान काय येतो हे इथल्या लोकांनी जवळून पाहिले आहे. तान्ह्या पोळ्याच्या नंदीलाही तो मागून पाहायला हरकत नसावी.

राहिले आपण, विकत घेणारे. दुकानातून कारखान्यातले खेळणे घेताना आयएसआयची खूण आणि तिच्या खालचा परवाना क्रमांक पाहा. नुसती खूण कोणीही छापतो. सुताराकडून नंदी घेताना रंग कोणता वापरला ते विचारा, डबा दाखवायला सांगा, आणि घर लहान मुलांचे असेल तर बिनरंगी, तेल दिलेला नंदी मागा. झूल तर आपणच शिवतो. दहा घरांनी असे विचारले की अकराव्या घरासाठी सुतार आपणहून बरा रंग आणील. त्याबद्दल त्याने वीस रुपये जास्त मागितले तर घासाघीस करू नये. ती त्या लेकराच्या तब्येतीची किंमत आहे.