आर्टिस्ट व्हिलेजच्या कौलांसाठी रडू नका

"लोकांनी कोरियांच्या घरांची पार वाट लावली!" बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजबद्दलची ही तक्रार ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय. तक्रार करणारे बहुतेक जण तिथे राहत नाहीत. ते कॅमेरा घेऊन येतात, उतरत्या कौलांचं एखादं मूळ घर शोधतात आणि शेजारचा टाइल्स लावलेला बंगला फ्रेमबाहेर ठेवतात. रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं तरी पोहोचवतो, एवढी ही वस्ती खुणेची. पण खूण कशाची, हेच त्यांना कळलेलं नाही.

चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी ही वसाहत १९८३ ते १९८६च्या दरम्यान उभी केली. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब-श्रीमंतातला फरक जमिनीत फारसा दिसू नये असे. ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती सात घरं. असे तीन गट मिळून २१ घरांचा साधारण १२ बाय १२चा मोठा चौक. घरं सुटी सुटी, बांधकाम स्थानिक गवंड्याला जमेल इतकं साधं. का? तर उद्या पगार वाढला, सासूबाई राहायला आल्या, तर घर वाढवता यावं म्हणून. वाढवण्यासाठीच दिलेलं पहिलं व्हर्जन लोकांनी वाढवलं, तर आम्ही सॉफ्टवेअरवाले त्याला बग म्हणत नाही.

काही बंगले दिसायला भयंकर आहेत, मान्य. शेजाऱ्याचा उजेड अडवणाऱ्याला नियमाने रोखलंच पाहिजे. पण रडायचंच असेल तर त्या चौकांत पार्किंग भरेल त्या दिवशी रडा. छप्पर पुन्हा घालता येतं, चौक गेला की गेला.

आणि खरा राग यावा तो आजच्या 'परवडणाऱ्या' टॉवरांचा. तिथे कुटुंबाला स्वतःहून वाढवता येतं ते फक्त कपाट. मी स्वतः चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. खिळा ठोकायचा तरी मालकाला मेसेज. "जमीन महाग आहे, टॉवरशिवाय पर्याय नाही," हे उत्तर ठरलेलं. नवी मुंबईत तरी ते ऐकवू नका. इथली जमीन सरकारने आगरी-कोळ्यांकडून, शेतकऱ्यांकडून नियोजित शहरासाठी म्हणून घेतली. तीच सिडको टेंडर काढून जास्त बोली लावणाऱ्याला विकते आणि मग महागाईचं कारण गरिबाला सांगते. कोरियांचा हिशोब शाळा आणि मोकळ्या जागा धरून हेक्टरी ५०० माणसांचा होता. टॉवरात याहून जास्त मावतात, हे खरं. पण सगळीच जमीन त्याच एका गणिताने का सोडवायची? शंभर एकरांतले दहा एकर तरी चौकांना का नाहीत?

पुढच्या लॉटरीचं माहितीपत्रक फोनवर आलं की कार्पेट एरिया बघण्याआधी नकाशा झूम करा, आणि सात घरांनी मिळून वापरायची जागा त्यात कुठे आहे ते शोधा. सापडली नाही, तर अर्ज भरा, घराची गरज खरीच आहे. पण सिडकोला तसं लिहूनही कळवा.