खळ्यावरचे बियाणे आणि पुतण्याचा विमा

गेल्या नोव्हेंबरात एका रात्री अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. "काका, कंपनीने पुढच्या सालासाठी दोन विमा योजना ठेवल्यात. कोणती घेऊ, तुम्हीच सांगा." मी पिकापाण्याचा माणूस. पण आदल्या वर्षी त्याने एकट्याने घेतलेला निर्णय अंगाशी आला होता, म्हणून मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज तिकडे आहेत, तेव्हा तो हिशेब इथे मांडतो.

अमेरिकेत नोकरदाराचा आरोग्यविमा बहुधा कंपनीमार्फत असतो. हप्त्याचा काही भाग कंपनी भरते, काही पगारातून कापला जातो. पुतण्याची पहिली योजना महिना २५० डॉलर हप्त्याची. तीत वर्षातला पहिला ५०० डॉलर खर्च आपण सोसायचा, मग विमा सुरू. दुसरीचा हप्ता फक्त ९० डॉलर, पण पहिले २,५०० डॉलर आपल्याच खिशातले. या रकमेला तिकडे डिडक्टिबल म्हणतात.

अशा दुसऱ्या प्रकारच्या योजनेबरोबर आरोग्य बचत खाते उघडता येते. २००३ च्या कायद्याने ही सोय झाली. खात्यात भरलेल्या रकमेवर केंद्राचा आयकर नाही आणि औषधोपचारासाठी काढली तर तेव्हाही नाही. उरलेली शिल्लक पुढच्या वर्षी जाते आणि नोकरी सोडली तरी आपलीच राहते. २०२६ सालासाठी एकट्या माणसाला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलरपर्यंत भरता येतात. मात्र वयाच्या पासष्टीआधी दुसऱ्या कामाला पैसे काढले, तर आयकर आणि वर २० टक्के दंड.

पुतण्याने आदल्या वर्षी दुसरी योजना घेतली. हप्त्यात महिना १६० म्हणजे वर्षाला १,९२० डॉलर वाचले. ते खात्यात पडायला हवे होते. गेले मोटारीच्या हप्त्यात. उन्हाळ्यात उजव्या बरगडीखाली दुखू लागले. दवाखान्यात जावे तर पहिला डॉलर आपलाच, म्हणून तीन महिने त्याने गोळ्यांवर काढले. शेवटी एका रात्री इस्पितळात न्यावे लागले. पित्ताशयात खडे, सूज, तातडीची शस्त्रक्रिया. वर्षाला जास्तीत जास्त भरायची त्याच्या योजनेची मर्यादा ५,००० डॉलर होती. तेवढे सगळे भरावे लागले. वेळेवर गेला असता तर पैसे कदाचित तेवढेच लागले असते, पण जिवावर बेतले नसते. इकडे दादा-वहिनींना वाटत होते, कंपनीचा विमा आहे म्हणजे औषधपाणी फुकट!

माणूस पदरच्या पैशाने औषध घेतो तेव्हा जपून खर्च करतो, हा या योजनांमागचा विचार. तो अर्धाच खरा. १९७४ ते १९८२ या काळात रँड या अमेरिकन संस्थेने हजारो लोकांवर प्रयोग करून पाहिला. ज्यांना पदरचे पैसे भरावे लागत, ते दवाखान्यात कमी गेले. पण नको तो उपचार टाळला तसा हवा तोही टाळला. त्यात गरीब आणि आधीच आजारी माणसांचे नुकसान झाले.

मग मी पुतण्याला काय सांगितले? "योजना वाईट नाही. पण वाचलेले १६० डॉलर पगारातूनच परस्पर खात्यात वळते कर, हातात घेऊ नकोस. कंपनी खात्यात काही भरते का, ते विचार. वार्षिक तपासणी आणि लसी योजनेतल्या डॉक्टरकडे फुकट असतात, त्या चुकवू नकोस. एवढे जमत नसेल, किंवा घरात जुना आजार असेल, तर जादा हप्त्याची योजनाच बरी." त्याने दुसरीच घेतली, या वेळी खाते आधी उघडले.

आईवडिलांनीही एक लक्षात ठेवावे. मुलाकडे राहायला जाल, तेव्हा त्याच्या कंपनीच्या विम्यात आपण सहसा बसत नाही. निघण्यापूर्वी प्रवाशांचा वेगळा विमा उतरवावा.

आपल्या घरची जुनी माणसे खळे उठवण्याआधी पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूला काढीत, मग उरलेले पोते बाजारात जाई. कमी हप्त्याच्या विम्याचेही तसेच आहे. आधी बियाणे काढा. आणि मुलाचा फोन आला की पगाराबरोबर एवढेही विचारा, "खात्यात किती पडले, आणि दुखणे अंगावर तर काढत नाहीस ना?"