आग्रहापूर्वी एक प्रश्न

मराठीच्या मास्तराला इटली म्हटले की मॅझिनी आठवतो; घरच्या मंडळींना पिझ्झा. तेव्हा बहुमताचा मान राखून गेल्या रविवारी आमची स्वारी सहकुटुंब रहाटणीतल्या घराजवळच्या इटालियन उपाहारगृहात दाखल झाली.

आमच्या कन्येला सीलिअ‍ॅक नावाचा विकार आहे. गहू, जव, राय यांतले ग्लूटेन कणभर पोटात गेले तरी तिच्या लहान आतड्याला इजा होते. औषध नाही, पथ्य जन्माचे. गव्हाचा हा दोष डॉ. डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० साली प्रबंध लिहून मांडला. आमच्या नातलगांना तो अजून पटायचा आहे. ‘एका पुरीने काय होतंय?’ म्हणत ते वाढतात, आणि पोर पंगतीत मुकाट्याने आपला डबा उघडते.

इथे आचारी स्वतः बाहेर आला. म्हणाला, “तांदळाचा पास्ता आहे, पण उकळायचे पातेले एकच. पिझ्झ्याच्या भट्टीपाशी मैदा उडतो. ते दोन्ही नको. रिसोतो वेगळ्या भांड्यात करून देतो.”

रिसोतो आला. सौ. पुटपुटल्या, “अहो, हा तर आपला गुरगुट्या भात!” किंमत पाहून मलाही तो गिळवेना. पण कन्या म्हणाली, “बाबा, आज डबा उघडावाच लागला नाही.”

त्या ‘नको’त केवढे अगत्य होते! वाचकहो, यंदा करंजी पुढे करण्यापूर्वी पाहुण्याला एकदा विचारा. चकली तांदळाच्या भाजणीची असली तरी हिंगाची डबी वाचा. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. आग्रह त्यानंतर, हवा तेवढा.