चित्रपटाचा शेवट आणि ‘दिशे’चा आग्रह

एखादा चांगला चित्रपट कार्यकर्त्यांना दाखविला आणि दिवे लागल्यावर चर्चा सुरू झाली, की एक आक्षेप हमखास पुढे येतो : चित्र प्रभावी आहे, वास्तव नेमके टिपले आहे, परंतु शेवटी दिशा दिलेली नाही. ‘फँड्री’विषयी हे ऐकले, ‘कोर्ट’विषयी ऐकले, ‘सिंहासन’विषयी तर 1979 पासून ऐकत आलो आहोत. आक्षेप घेणारी माणसे प्रामाणिक असतात. समाज बदलावा म्हणून ती आयुष्य वेचीत असतात. तेव्हा दोन-अडीच तास अन्याय पाहून झाल्यावर पडद्यावर निदान एखादा मोर्चा निघावा, एखादी मूठ उंचावली जावी, असे त्यांना वाटले तर नवल नाही. तरीही हा आग्रह चुकीचा आहे, आणि ज्या कामासाठी आपण चित्रपट दाखवितो त्या कामालाच तो मारक आहे, असे माझे मत आहे.

ज्या चित्रपटात अन्यायाचा हिशेब पडद्यावरच चुकता होतो, तो चित्रपट प्रेक्षकाला मोकळा करून घरी पाठवितो. खलनायक दरीत कोसळला, मारामारी आटोपल्यावर पोलिसांची गाडी आली, आईला हरवलेला मुलगा भेटला. आता प्रेक्षकाकडे करण्यासारखे काही उरले नाही. तो समाधानाने पान खातो आणि झोपतो. दुसऱ्या दिवशी शेवट आठवत नाही, कारण आठवण ठेवण्याचे त्याला कारणच दिलेले नसते. माणसाला देणे फिटले की सावकाराचा चेहराही विसरतो. थकलेले देणे मात्र रात्री आठवते. जे शेवट माझ्या मनातून वीस-तीस वर्षे हलले नाहीत, ते सारे या थकलेल्या देण्याच्या जातीचे आहेत.

जुन्यांपैकी पहिला आठवतो तो बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’चा (1953). कर्ज फेडून जमीन वाचवावी म्हणून कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शंभू गावी परततो, तो जमीन गेलेली असते आणि तिच्यावर कारखाना उभा राहत असतो. तो कुंपणाबाहेरून वाकून मूठभर माती घेतो. पहारेकरी हटकतो, आणि ती मूठही त्याला सोडून द्यावी लागते. एवढेच. बलराज साहनी तिथे एक शब्दही भाषण करीत नाहीत. 2024 साली शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाविरुद्ध ज्या जिल्ह्यांतले शेतकरी उठले त्यांत आपला धाराशिव जिल्हाही होता. त्या शेतकऱ्यांना ही मूठ समजावून सांगावी लागणार नाही.

जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमावर वाढलेल्या पिढीला मात्र याच्या नेमक्या उलट शेवटाची सवय होती. संतपटाचा शेवट ठरलेला असे : देव येणार आणि मोडलेले सारे जोडणार. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा घ्या. भजनात देहभान हरपलेल्या बापाच्या पायांखाली चिखलात लेकरू तुडविले जाते, पुढे हातही जातात, आणि अखेरीस विठ्ठलकृपेने हात आणि मूल दोन्ही परत मिळतात. या कथेची मी थट्टा करीत नाही. ज्या बाईने दुष्काळात किंवा पटकीत लेकरू गमावले, तिला तंबूतल्या त्या दहा मिनिटांनी जो धीर दिला असेल, तो कोणाही व्याख्यात्याला देता आलेला नाही. पण धीर देणे वेगळे आणि जागे ठेवणे वेगळे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने (1936) हे दोन्ही साधले, म्हणून तो आजही टिकून आहे. तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात हे सर्वांना दिसते. माझे लक्ष दर वेळी खाली उरलेल्या जिजाईकडे जाते. गौरीबाईंनी उभी केलेली ती कष्टाळू, भांडखोर, नवऱ्यावर जीव टाकणारी बाई जमिनीवरच राहते. पोरे तिच्यापाशी, संसार तिच्यापाशी. देव आला तरी तिचा प्रश्न सुटलेला नाही. दामले-फत्तेलालांच्या मनात हेच होते की नव्हते, याची चर्चा समीक्षकांनी करावी; पडद्यावर ती खाली आहे, हे पुरेसे आहे.

आता दगडांविषयी. श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ 1974 चा. त्यातला जमीनदाराचा मुलगा सूर्या आपण आपल्या ओळखीने ओळखतो, कारण 1948 पर्यंत आपण आणि तो एकाच निजामाच्या राज्यात होतो. त्यातली दख्खनी बोली आपल्या परांड्या-नळदुर्गाच्या बाजारात कानांवर पडणाऱ्या बोलीची सख्खी बहीण आहे. काम मागायला आलेल्या मुक्या-बहिऱ्या किष्टय्याला सूर्या भीतीपोटी बेदम मारतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते, तो घरात तोंड लपवितो. सारे संपल्यावर एक लहान पोरगा वाड्याच्या खिडकीवर दगड भिरकावतो, काच फुटते आणि पडदा लाल होतो. त्या काळी चित्रगृहात या दगडाला टाळ्या पडत. ‘दिशा’ हवी असणाऱ्यांनाही हा शेवट आवडे, कारण लाल रंगाचा अर्थ त्यांना तयार मिळे.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, 14 फेब्रुवारी 2014 रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. मंजुळे जेऊरचे, म्हणजे आपल्या परांडा तालुक्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातले. त्यांच्या चित्रपटांतली माती, बाभळी आणि माणसांच्या बोलण्यातला हेल आपल्याकडचाच आहे. कैकाडी समाजातला जब्या आपल्या घरच्यांबरोबर सारा दिवस गावाची डुकरे पकडतो आहे, आणि गाव कुंपणावर बसून तमाशा पाहते आहे. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, तेव्हा हे कुटुंब ताठ उभे राहते आणि हाताशी आलेले डुक्कर निसटून जाते. शेवटी पकडलेले डुक्कर बांबूला टांगून नेले जाते, ते शाळेच्या भिंतीवरल्या आंबेडकर, शाहू, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांच्या चित्रांसमोरून. कॅमेरा त्यावर काही भाष्य करीत नाही. ज्यांच्या तसबिरींना आपण वर्षातून ठरलेल्या तारखांना हार घालतो, त्यांनी ती मिरवणूक पाहिली, एवढेच दिसते. मग टोमण्यांनी पेटलेला जब्या दगड उचलतो, आणि त्याचा अखेरचा दगड सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. पडदा काळा होतो.

‘अंकुर’चा दगड वाड्यावर गेला होता. आपण बाहेर, पोराच्या बाजूला उभे होतो, म्हणून टाळ्या वाजविणे सोपे गेले. ‘फँड्री’चा दगड आपल्याकडे येतो आणि आपण कोणत्या बाजूला होतो हा प्रश्न पडतो. कुंपणावर बसून हसणाऱ्यांत आपल्या गावचे कोण कोण होते? चाळीस वर्षांत वाडे पडले, सूर्याची मुले शहरात गेली. परंतु जब्याला हसणारा आता एक जमीनदार नाही, सारे गाव आहे, आणि त्या गावात पुरोगामी म्हणवणारेही आहेत. या शेवटात दिशा नाही म्हणणाऱ्यांना माझे नम्र उत्तर असे की दिशा आहे. ती आपल्या कपाळाकडे आहे.

याला कोणी निव्वळ शब्दांचा खेळ म्हणेल, म्हणून पुढची तारीख सांगतो. ‘फँड्री’ लागल्यावर अवघ्या अडीच महिन्यांनी, 28 एप्रिल 2014 रोजी, भूम तालुक्याच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून शाळेतून मारीत नेऊन ठार करण्यात आले. 2017 च्या नोव्हेंबरात नगरच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार फितूर झाले होते. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला जब्बार पटेल यांचा ‘सामना’ पाहिलेल्यांना येथे काय आठवेल ते सांगायला नको. ‘सामना’चा शेवट नेमका कसा झाला, हे अनेकांना आज सांगता येत नाही. मारुती कांबळेचे काय झाले, हा त्यातला प्रश्न मात्र ज्यांनी चित्रपट पाहिलाही नाही त्यांच्या तोंडी आहे. हिंदुरावाचे काय झाले याच्याशी लोकांना कर्तव्य उरले नाही. उत्तर विसरले गेले आणि प्रश्न राहिला.

खर्ड्याच्या घटनेला दोन वर्षे पुरी होत असतानाच, 29 एप्रिल 2016 रोजी, ‘सैराट’ आला. त्याच्या शेवटाविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एकच गोष्ट सांगतो. आर्चीचा भाऊ आणि नातेवाईक आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन येतात, त्यांना चहा दिला जातो, आणि मग आवाजच काढून घेतला जातो. अजय-अतुल यांच्या संगीताने अडीच तास दुमदुमत असलेले चित्रगृह एकाएकी मुके होते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येते, आत जाते, आणि रक्ताची पावले उमटवीत बाहेर येते. गोरोबाकाकांच्या कथेत मेलेले मूल परत मिळते आणि आईबाप हसतात. येथे मूल जिवंत आहे आणि त्याला कोणाकडे परत जायचे हे ठाऊक नाही. दोन वर्षांनी याच कथेवरून ‘धडक’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात मूलही मारले जाते आणि नायिका वाचते, म्हणजे रक्त कमी नाही. परंतु जातीचा प्रश्न पुसट केलेला. तो शेवट प्रेक्षकाला दचकवितो आणि विसरला जातो. धक्का म्हणजे स्मरणीय शेवट नव्हे, हे यावरून कळावे. (आपल्या भागात ‘झिंगाट’वर नाचल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही, आणि त्या वरातीतले वधूवर एकाच जातीचे असतात, याचीही नोंद एखाद्या समाजशास्त्रज्ञाने करून ठेवावी.)

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चा शेवट मला या सर्वांहून अधिक भयंकर वाटतो, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. एका लोकशाहिरावर आरोप असतो की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते. 2021 साली ते करोनाने गेले. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, खोलीतले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. प्रेक्षक चपला शोधू लागतो. आणि चित्रपट पुन्हा सुरू होतो : न्यायाधीशमहाराज कुटुंबाच्या गोतावळ्यासह सहलीला आले आहेत. बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. मुले ओरडून त्यांना दचकवितात, ते एका पोराला थोबाडीत देतात आणि पुन्हा झोपतात. शाहीर तुरुंगात आहे हे कोणी बोलत नाही. न्यायाधीश दुष्ट असते तर आपली सुटका झाली असती. ते आपल्या ओळखीच्या कोणत्याही काकांसारखे आहेत.

माझ्या मताविरुद्ध सर्वांत बळकट पुरावा ‘मंथन’चा (1976), आणि तो टाळणे बरे दिसणार नाही. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट काढला, आणि त्याच्या शेवटात दिशा आहे : बाहेरून आलेला डॉक्टर राव आगगाडीने निघून जातो आणि बंडखोर भोला सहकारी संस्था पुढे चालवायला घेतो. हा शेवट मलाही प्रिय आहे. पण तो का पटतो ते पाहावे. तेथे शहाणा माणूस उपदेश करून जात नाही, तो अर्धे काम टाकून जातो. भोला जिंकलेला नसतो, त्याच्या गळ्यात काम पडलेले असते. त्या संस्थेचे पुढे काय झाले हे चित्रपट सांगत नाही. आपल्या ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना कित्येक वर्षे बंद का राहिला, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांना पुढचा भाग स्वतः लिहिता येईल. ‘उंबरठा’तली (1982) सुलभाही अशीच घराबाहेर पडून गाडीत बसते, आणि स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर पराभव नसतो. ती कोठे चालली, हे विचारणाऱ्यांत पुरुषांचा भरणा अधिक असतो, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा गावोगावी चित्रपट दाखविणाऱ्या आपल्या मित्रांना एक सुचवावेसे वाटते. ‘फँड्री’ संपल्यावर लगेच समारोपाचे भाषण ठेवू नये. दिग्दर्शकाने जो दगड नेमका आपल्या अंगावर टाकला, तो उचलून पुन्हा व्यवस्थेच्या, सरकारच्या, भांडवलशाहीच्या दिशेने फेकण्याचे काम हे भाषण करते, आणि सभागृहातला प्रत्येक जण सुटतो. चर्चा करायचीच तर शेवट पटला का असे विचारू नये. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार का फिरले, आणि आपल्या गावात तसे घडले तर न्यायालयात जाऊन साक्ष द्यायला या सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोण उभा राहील, हे विचारावे. पहिली काही मिनिटे कोणी बोलणार नाही. तेवढ्या वेळात अध्यक्षांनी माइक हाती घेऊ नये.