खरा सत्कार कोणता?

थोरांचा सत्कार करण्याची आपल्या समाजाची रीत ठरलेली आहे. शाल, श्रीफळ, दोन भाषणें आणि एक छायाचित्र, एवढें झालें कीं आपण ऋणमुक्त झालों असें मानतों. परंतु ज्यांनीं भिक्षा न मागतां हक्क मागितला, आणि तोही लक्षावधींसाठीं, त्यांचें ऋण इतक्यानें फिटतें काय, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

दिवंगत जावेद अबिदी हें नांव आपल्या घरांतून फारसें ऐकूं येत नाहीं. १९६५ सालीं अलीगढ येथें जन्मलेल्या या गृहस्थांस पाठीच्या कण्याचा जन्मजात विकार होता. पंधराव्या वर्षापासून चाकांची खुर्ची हेंच त्यांचें वाहन झालें. अमेरिकेंत शिक्षण घेऊन ते १९८९ मध्यें स्वदेशीं परतले. अपंगांचा प्रश्न म्हणजे दानधर्माचा प्रश्न, अशीच तेव्हां सर्वत्र समजूत होती. अबिदी व त्यांचे सहकारी यांनीं त्याला हक्काच्या प्रश्नाचें रूप दिलें. १९९५ च्या डिसेंबरांत अपंगांनीं संसदेसमोर निदर्शनें केलीं, आणि त्याच महिन्यांत अपंगांच्या हक्कांचा कायदा संमत झाला.

तथापि आमच्या मतें अबिदींचें सर्वांत मोठें कार्य निराळेंच आहे. १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांत आंधळे, बहिरे-मुके इत्यादिकांची नोंद होत असे. १९४१ पासून ती बंद पडली. १९८१ चा अपवाद सोडल्यास स्वतंत्र भारतानें पन्नास वर्षें आपल्या अपंग लेंकरांस मोजलेंच नाहीं! २००१ च्या जनगणनेंतूनही हा प्रश्न गळणार होता. अबिदी व सहकाऱ्यांनीं नेट धरून तो घालावयास लावला. मोजणी झाली तेव्हां २ कोटी १९ लक्ष माणसें निघालीं. जो मोजला जात नाहीं, त्याच्यासाठीं ना तिजोरींत पैसा असतो, ना शाळेंत जागा.

येथेंच आपल्या घरांचा संबंध येतो. २०११ च्या गणतीप्रमाणें भारतांत सुमारें पंचेचाळीस माणसांमागें एक अपंग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणें जगांत सहा माणसांमागें एक. व्याख्यांत फरक आहे, हें खरें. परंतु गणनेचा कारकून दारीं आला असतां उत्तर कोण देतो? कुटुंबांतील कर्ता पुरुष. आणि धाकट्या बहिणीचें लग्न अडेल या भीतीनें आंतल्या खोलींतील मुलाविषयीं मौन पाळणारीं घरें आपल्यांत नाहींत, असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

अबिदी ४ मार्च २०१८ रोजीं निवर्तले. झगडा मात्र संपलेला नाहीं. २०१६ च्या नव्या कायद्यानें मान्य अपंगत्वांचे प्रकार ७ वरून २१ झाले. सरकारनें 'दिव्यांग' असा नवा शब्दही योजला. पण नांव बदलल्यानें जिन्याची पायरी खालीं येत नाहीं. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनीं २००५ सालीं केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं निकाल दिला, कीं इमारती व वाहनें अपंगांस वापरतां येण्याचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाहीं. त्यांतील कांहीं सक्तीचेच हवेत. एवढ्यासाठीं एकोणीस वर्षें!

अशा माणसांचा सत्कार करावयाचा असेल तर तो घरापासूनच करावा. पुढची जनगणना २०२७ सालची ठरली आहे. त्या वेळीं विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर द्यावें. अपंग मुलाचें नांव शाळेंत घालावें, आणि पाहुणे आले असतां त्याला आंत धाडूं नये. मुंजीसाठीं वा लग्नासाठीं कार्यालय ठरवितांना, पानाचा दर विचारतों त्याच दमांत, चाकांची खुर्ची पंगतीपर्यंत जाते काय, हेंही विचारावें. चार घरांनीं विचारलें कीं कार्यालयाचा मालक उतार बांधील. आज ना उद्यां त्या उतारावरून आपल्याच घरचे आजोबा पंगतीला येतील.