खोत गेला, खंड उरला

"नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा" हे वाक्य आता आपल्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. वाक्य चांगले आहे. पण अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर नोकरी देणारा व्हायला काय लागते, हे त्या व्यासपीठावरून कोणी सांगते का?

२०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि पर्यटक गाडीसकट इकडे उतरू लागले. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. जमिनीला सोन्याचा भाव आला. पण भाव मिळतो तो ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. आमच्या बौद्धवाड्यांत कित्येकांच्या घराखालची जमीनच त्यांच्या नावावर नाही. होमस्टे कुठे काढणार? बँकेला तारण काय देणार? म्हणून या तेजीत आपला तरुण शिरतो तो वॉचमन, ड्रायव्हर किंवा साफसफाई कामगार म्हणून.

धंद्यातल्या स्पर्धेवर मायकेल पोर्टर यांचे १९८० चे पुस्तक आजही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवले जाते. स्पर्धेत टिकायचे तर एकतर खर्च कमी ठेवा, नाहीतर इतरांहून वेगळे काही द्या, असे ते सांगतात. आपल्या तरुणाकडे कमी करण्यासारखी एकच गोष्ट असते, स्वतःची मजुरी. एकाच वाडीतले चौघे कर्जावर टुरिस्ट गाड्या घेतात आणि एकमेकांचे भाडे पाडतात. पावसाळ्यात पर्यटक आटतात, हप्ता मात्र चालूच राहतो. पुरवणारे विखुरलेले असले की नफा घेणाऱ्याच्या किंवा मधल्या दलालाच्या खिशात जातो, हेही पोर्टर यांनीच मांडले आहे. या वाट्याला आपल्या मुलखात जुना शब्द आहे: खंड.

हा खंड कसा मोडायचा, हे याच जिल्ह्याने दाखवले आहे. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी परिसरातील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. जमीन खोताची, पण कसणारे हात आमचे, हे त्यांनी ओळखले. सुमारे सहा वर्षे शेते पड राहिली, उपासमार सोसली, पण संप फुटला नाही. बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. बहुसंख्य आगरी असलेले ते शेतकरी आणि बाबासाहेब एकत्र आले, हेही विसरू नका. एकेकट्याने भाव पाडायचा नाही, एकत्र येऊन भाव ठरवायचा. स्पर्धेची याहून मोठी व्यूहरचना आम्हांला ठाऊक नाही.

आज याचा अर्थ काय? चार गाड्यांनी चार दर सांगण्याऐवजी एक सहकारी संस्था काढा, एक दर ठरवा, पावसाळ्यासाठी सामाईक निधी ठेवा. दुसरे, हक्काची बाजारपेठ ओळखा. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. थळचा आरसीएफ, उसरचे गेल, उरणचे ओएनजीसी या सगळ्या केंद्राच्याच कंपन्या आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू आहेत. मग उद्यम नोंदणी करून या दारांवर आपल्यातले किती जण गेले? माहितीच्या अधिकारात या ४ टक्क्यांचा हिशेब किती कार्यकर्त्यांनी मागितला?

आणि उद्या यशस्वी झालात तर? बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. गाडीवर निळा झेंडा लावून आपल्याच वाडीतल्या बायांना किमान वेतनापेक्षा कमी देणारे कंत्राटदार आम्ही पाहिले आहेत. तो 'आपला उद्योजक' म्हणून त्याचा सत्कार करायचा का? आमचे उत्तर स्पष्ट आहे, नाही.

तरुणांनो, धंदा जरूर करा. हजेरीपट ठेवा, पूर्ण वेतन द्या, नफ्याचा हिशेब भागीदारांसमोर मांडा. नाहीतर चरीच्या मातीत नवा खोत उगवेल, आणि त्याचे आडनाव आपले असेल.

जय भीम!